चार घरांचा चौकोन

3 नोव्हेंबर, भाऊबीज
धाकटा पुण्याहून आला. ताटात पाकीट ठेवलं आणि मागून एक छोटा पिंजरा पुढे केला. आत नर. नेदरलँड ड्वार्फ. करडा, पोटाशी पांढुरका, कान माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढे. ‘ताई, गुंजीला जोडीदार.’ गुंजीही त्याच्याकडचीच. मागच्या वर्षी लेकीच्या वाढदिवसाला आणली होती.
सोबत वंशावळीचा कागद. आई-बाप, आजे-आज्या, पणजे-पणज्या. प्रत्येकापुढे रंग आणि वजन. आज्या-पणज्यांचीसुद्धा नावं आहेत. आमच्या घरच्या कुळवृत्तांतात बायकांची नावं नाहीत.

4 नोव्हेंबर
गुंजीला नराच्या पिंजऱ्यात सोडलं. मादी न्यायची नराकडे, उलट नाही. आपल्या जागेत ती परक्याला चावते. काही सेकंदांचं काम. नर कुशीवर पडला, उठला, पाणी प्यायला.
कॅलेंडरवर 5 डिसेंबरला खूण केली. एकतीस दिवस.

7 नोव्हेंबर
स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजनं. गुंजी 960 ग्रॅम, नर 890. धाकटा म्हणतो, विलायतेत या जातीचा आदर्श 907 ग्रॅम. वर 1134 पर्यंत चालतं, त्यापुढे प्रदर्शनातून बाद.

12 नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी
सकाळी दाणे भाजले, सालं पाखडली, कूट केलं. खिचडी. सासूबाईंचं टीव्हीसमोर पंढरपूर.
दुपारी धाकट्याचा फोन. पोट हाताला लागतंय का विचारलं. किती होतील, असं मी विचारलं. ‘चार धर. एखादं जाईल.’
का जाईल?
‘जातंच गं एखादं.’

20 नोव्हेंबर
मतदानाला गावी. बोटाला शाई लावून आम्ही रानात गेलो. ज्वारीच्या कडेला, गवताच्या खळग्यात रानससा बसलेला. आम्ही चार पावलांवर येईपर्यंत हलला नाही. मग एकदम उसळला आणि बांधापलीकडे. मानेवर काळा डाग, लांब पाय. लेक कितीतरी वेळ तिकडेच बघत होती.
चुलतसासरे म्हणाले, ‘तुमच्या त्या उंदरावर असला एखादा लावा. तगडी अवलाद निघंल.’
निघणार नाही. आपल्या भाषेत दोघेही ससेच, पण नातं लांबचं. रानसशाची गुणसूत्रं 48, पाळीव सशाची 44. हा बीळ करत नाही, याचं पिल्लू उघड्या डोळ्यांचं, अंगावर केस घेऊन जन्मतं. आमच्या गुंजीची पिल्लं उघडी आणि आंधळी येतील. तिचं मूळ स्पेन-पोर्तुगालच्या मातीतलं.
परत येताना मात्र त्या रानसशाचा जबडा डोळ्यांपुढे होता. लांब, निमुळता. गुंजीचा चेहरा चेंडूसारखा.

24 नोव्हेंबर
दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. गुंजीच्या बापाचा बाप आणि नराच्या बापाचा बाप एकच. म्हणजे चुलत भावंडं.
फोन केला. ‘त्याला लाइन ब्रीडिंग म्हणतात ताई. चांगलं डोकं, आखूड कान पक्के होतात.’
चांगलं पक्कं होत असेल तर वाईटही होत असणार. हे त्याला विचारलं नाही. आमच्यात मामाच्या मुलीशी सोयरीक चालते, चुलत्याच्या नाही. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

2 डिसेंबर
लाकडी खोकं ठेवलं. खाली भुस्सा, वर मारवेलचं वाळलेलं गवत. गुंजीनं सगळं बाहेर काढलं आणि आपल्या मनासारखं पुन्हा लावलं.

4 डिसेंबर
तोंडात गवताच्या मिशा घेऊन फेऱ्या मारतेय. संध्याकाळी पोटावरचे केस उपटायला लागली. मूठ मूठ. दुखत नसेल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, या दिवसांत केस आपोआप सैल होतात. तरी बघवलं नाही.

5 डिसेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
पहाटे व्याली. चार.
केसांच्या ढिगात हात घातला तर आत ऊब, रव्याचा लाडू नुकता वळल्यासारखी. एकेक उचलून वजन. 41, 33, 32.
चौथं 16.
डोकं मोठं, कपाळ फुगलेलं. कान फार मागे, जेमतेम टोक. मागचे पाय चिमटल्यासारखे. पण हलतंय. तोंड उघडतंय.
आज घट मांडायचा होता. सासूबाईंनी मांडला.

6 डिसेंबर
बाकी तिघांची पोटं गोल. चौथ्याचं सपाट.
गुंजी रात्री एकदाच खोक्यात जाते, तीन-चार मिनिटं पाजते, बाहेर येते. सशिणीची रीतच ती. सारखं जवळ बसलं तर शिकाऱ्याला वास लागतो. तेवढ्या मिनिटांत ज्याला सड सापडतो तो प्यायला.
आज रात्री गुंजीला धरून चौथ्याला सडाशी लावलं. लागलं. दोन थेंब असतील.

7 डिसेंबर
15 ग्रॅम. ड्रॉपरनं बकरीचं दूध. नाकातून बाहेर आलं. थांबले.
लेक शाळेतून आल्या आल्या विचारते, ‘आहे?’

8 डिसेंबर
नाही.
जास्वंदीच्या कुंडीत पुरलं. लेकीनं कापसात गुंडाळलं होतं.

9 डिसेंबर
धाकट्याला कळवलं. तो म्हणाला, ‘हो, शेंगदाणा असणार. बुटक्यांत निघतातच. आम्ही पहिल्या दिवशीच बाजूला करतो, तू उगाच तीन दिवस…’
शेंगदाणा. तिकडे इंग्रजीत असंच म्हणतात, त्यानं मराठी केलं.
म्हणजे त्याला ठाऊक होतं. एकादशीला ‘एखादं जाईल’ म्हणाला, तेव्हाही.
संध्याकाळी डबा उघडला, दाणे तसेच ठेवले. भाजी बिनकुटाची.

11 डिसेंबर
डॉक्टरबाईंकडे तिन्ही पिल्लं दाखवली. चौथ्याबद्दल सांगितलं. त्यांनी माझ्याच कॅलेंडरच्या पानामागे आकृती काढून दिली.
बुटकेपणाचं कारण एका जनुकातली तूट. 2017 मध्ये सापडली. सुमारे बारा हजार अक्षरांचा तुकडाच गळालेला. आई किंवा बाप, एकाकडूनच ही तूट आली तर ससा बुटका. दोघांकडूनही आली तर शेंगदाणा, आणि तो जगत नाही. जगलेला कुणी पाहिला नाही.
त्याच तुटीनं चेहराही आखडतो. डोकं गोल, नाक आत. म्हणून तो बाहुलीसारखा गोड दिसतो.
त्या म्हणाल्या, ‘तुमच्या गुंजीचं काही चुकलं नाही. दूध कमी पडलं असं मनात धरू नका.’
मी तेच धरून बसले होते. त्यांना कसं कळलं कोण जाणे.

15 डिसेंबर
तिघांचे डोळे उघडले. थोरल्याचे आधी.
लेक नववीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसली. मेंडेलचे वाटाणे. उंच, बुटके. चार घरांचा चौकोन. तिनं उंचाच्या जागी ससा लिहिला.
बुटका बाप, बुटकी आई. चार घरं. एक साधा मोठा, दोन बुटके, एक शेंगदाणा.
‘आई, बरोब्बर आपल्यासारखं!’ म्हणाली आणि गप्प झाली. चारच पिल्लांत असं बरोबर जुळणं योगायोगाचं. दहा पिल्लांत दोन जातील, नाहीतर तीन, नाहीतर एकही नाही. पण शंभर वेळा जोडी लावली तर पाव हिस्सा जाणारच.
मग तिनं दुसरा चौकोन काढला. नर बुटका, मादी साधी. दोन बुटके, दोन मोठे. मेलेलं कुणी नाही.
दोन्ही कागद माझ्यासमोर ठेवले. ‘बुटके दोन्हीकडे दोनच आहेत.’
मी पुन्हा मोजले. दोनच आहेत.

16 डिसेंबर
रात्री झोप नाही. तो चौकोन.
विकायची बुटकी पिल्लं दोन्ही रीतींनी तितकीच. फरक एवढाच, की एका रीतीत एक थोरलं पिल्लू जास्त होतं. त्याला गिऱ्हाईक नाही, त्याला पिंजरा लागतो, गवत लागतं. दुसऱ्या रीतीत त्या घरात जे असतं ते तीन दिवसांत मरतं. खर्च नाही.
आमचं चौथं पिल्लू एवढ्यासाठी जन्मलं?

18 डिसेंबर
धाकट्याचा फोन. नर पुन्हा कधी लावतेस? व्याल्या दिवशीसुद्धा मादी धरते म्हणे. त्याच्याकडे तसं करत नाहीत, पण आता दोन आठवडे झाले.
नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नाही.

22 डिसेंबर
पिल्लं खोक्याबाहेर. बुटक्यांची नावं लेकीनं ठेवली. तीळ आणि गूळ. संक्रांत जवळ आली म्हणून. थोरल्याला नुसतं थोरला. हरळीचं पातं त्यानं पहिलं खाल्लं. सुरुवात टोकाकडून, मग सरसर आत, शेवटी ओठाशी टिंब.

29 डिसेंबर, रविवार
धाकटा आला. आज बोलले.
त्याचं म्हणणं नीट लिहून ठेवते, कारण त्यात तथ्य आहे. बाजारात टोपलीत जे ससे विकतात त्यांना आई-बाप माहीत नाहीत. तीन-चार आठवड्यांची पिल्लं, दूध सुटायच्या आधी आणलेली. घरी नेल्यावर आठवड्यात मरतात. ‘मी आठ आठवडे ठेवतो. वजन बघतो. चावरी मादी पैदाशीला घेत नाही. आजार निघाला तर मागे तीन पिढ्या शोधू शकतो. तुझ्या सरमिसळीत काय शोधशील?’
खरं आहे. नुसती सरमिसळ म्हणजे पुण्य नव्हे. दांडगा नर इवल्या मादीवर लावला तर पिल्लू अडतं, मादी जाते. कुणाचे दात आणि कुणाचा जबडा एका तोंडात येतील, नेम नाही.
मग त्यानंच हॉलंड लॉपची गोष्ट सांगितली. त्याला ती फार आवडते. हॉलंडमधले आद्रियान द कॉक. 1949 मध्ये त्यांनी बुटकी मादी आणि लोंबत्या कानांचा धिप्पाड फ्रेंच लॉप नर अशी जोडी लावली. सहा पिल्लं, आईच्या मानानं फार मोठी, सहाही गेली. मग उलट केलं, मोठी मादी आणि बुटका नर. कान उभेच आले. मग इंग्लिश लॉप मिसळला. 1964 मध्ये जातीला मान्यता.
म्हणजे तुझी अस्सल जात आधी सरमिसळच होती, मी म्हटलं.
‘तेच तर. पंधरा वर्षं एका माणसानं चिकाटी धरली.’
आणि ती सहा पिल्लं मेली हे तुला पंचाहत्तर वर्षांनी कसं कळलं?
‘लिहून ठेवलं असणार.’
त्याची वही मागितली. देतो म्हणाला, दिली. निळ्या रेघांची, सुबक अक्षर, प्रत्येक वेताला पान. जन्मतारीख, रंग, वजन, कुणाला दिलं, किती रुपये. गुंजीचं पान काढलं. भावंडं: तीन.
‘चौथं होतं?’
तो वहीकडे बघत राहिला. ‘असेल.’
मेलेल्यांना रकाना नाही.
जेवून गेला. जाताना थोरल्याला उचलून कानामागं खाजवलं, ‘हा घरी ठेव’ म्हणाला. सशांना त्याच्यासारखं कुणी हाताळत नाही. ते त्याच्या हातात पाय सैल सोडतात.

1 जानेवारी
थंडी. पिंजऱ्यांवर पोती.

9 जानेवारी
तीळ पातं तोंडात धरतो आणि सोडतो. पुन्हा धरतो. सोडतो. बाकी दोघं ताटली संपवून निघून गेले, हा तिथंच.
ओठ वर करून पाहिलं. खालचे दात वरच्यांच्या पुढे आलेत.

10 जानेवारी
डॉक्टरबाई. वरच्या मोठ्या दातांमागे सशाला आणखी दोन बारीक दात असतात. खालचे दात बंद तोंडात त्या दोघांवर टेकायला हवेत. वर खाली घासून झिजतात, म्हणून आयुष्यभर वाढत राहिले तरी चालतं. आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. तिळाचा वरचा जबडा आखूड. घासायला समोर काही नाही. वाढतच राहणार, वळणार, टाळूत घुसणार.
दर काही आठवड्यांनी यंत्रानं घासायचे. नेलकटरनं कधीच नाही, दात उभा चिरतो. नाहीतर पुढे सगळे पुढचे दात काढून टाकायचे. मग चिरून दिलेलं खातो.
लोंबत्या कानांचं विचारलं. शेजारच्या मुलीला तसा हवाय. इंग्लंडात 2019 मध्ये बेवारस सशांच्या आश्रमातले तीस ससे तपासले, पंधरा उभ्या कानांचे, पंधरा पडक्या. पडक्यांची कानाची नळी अरुंद, मळ जास्त, हात लावला की दुखतं. दातही जास्त बिघडलेले. ‘कान पडला की नळी दुमडते. पाण्याच्या पाइपसारखी.’
शेजारी जाऊन सांगितलं. मुलगी हिरमुसली. तिची आई म्हणाली, तुमच्याकडे आहेत तेव्हा तुम्हाला सांगायला काय जातं. बरोबर आहे त्यांचं.

11 जानेवारी
तिळासाठी मेथी बोटभर चिरली. पावशेर मेथीला वीस मिनिटं. दाढा शाबूत आहेत. आत ढकलून दिलं की चावतो, डोळे मिटून.

14 जानेवारी, संक्रांत
हळदीकुंकवाला आलेल्या बायका पिंजऱ्यापाशीच जास्त. तिळाला सगळ्यात जास्त मागणी. ‘हाच किती गोंडस! चेहरा बघा.’
प्रत्येकीला त्याचा ओठ उचलून दाखवला नाही. दाखवायला हवा होता.

19 जानेवारी
नणंदेचा श्टुटगार्टहून फोन. तिला सगळं सांगत बसले. ती म्हणाली, तिकडे याला शब्दच आहे, क्वालत्सुख्त. छळाची पैदास. प्राणिसंरक्षण कायद्यात 1986 पासून कलम आहे, 11 ब. पिल्लांना यातना होतील असं आधी ठाऊक असेल तर जोडी लावायची नाही. तरी तिकडेही बुटके ससे सर्रास विकतात, असंही म्हणाली.
आपल्याकडे 2017 चे पैदाशीचे नियम आहेत, ते कुत्र्यांचे.
‘आधी ठाऊक असेल तर.’ हे शब्द डोक्यातून जात नाहीत. 4 नोव्हेंबरला मला ठाऊक नव्हतं. आता आहे.

22 जानेवारी
नराला पुण्याला नेलं. ऑपरेशन. इथे सशांना भूल देत नाहीत. उपाशी न्यायचं नसतं, सशाला उलटी होत नाही आणि पोट थांबलं की जिवावर बेततं. डब्यात कोथिंबीर नेली. भुलीतून उठल्यावर तासाभरानं एक काडी घेतली. तोवर मी बाकावरून हलले नाही.
अजून सहा आठवडे गुंजीपासून लांब ठेवायचा.
धाकट्याला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून त्याच्याच घरी गेले. पिंजऱ्यात बघून समजला. ‘बारा हजारांचा नर होता ताई.’ एवढंच. वहिनीनं चहा टाकला.
त्याच्या गच्चीवर अठरा पिंजरे. सगळे स्वच्छ. गवत ताजं. कोपऱ्यात एक पांढरा डबा, झाकण लावलेला. वहिनीकडे पाहिलं. तिनं मान फिरवली.

25 जानेवारी
धाकट्याचा फोन नाही.

28 जानेवारी
अजून नाही. रागावला असेल. मीही फोन केला नाही. हे म्हणाले, सशांपायी भाऊ तोडू नकोस. तोडत नाहीये. पण त्या डब्याबद्दल त्याला विचारल्याशिवाय पुढं काय बोलू?

31 जानेवारी
फोन केला. विचारलं.
बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘थंडीत बाहेर ठेवलं की लवकर जातं. त्रास होत नाही फार.’ मग म्हणाला, ‘पहिल्यांदा मीही तुझ्यासारखं ड्रॉपरनं पाजलं होतं. सात दिवस जगलं.’
हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.
साध्या वजनाची मादी पैदाशीला ठेवण्याबद्दल बोलले, लेकीचा चौकोन सांगितला. चौकोन त्याला ठाऊक आहे. ‘पण ते मोठे निघतात त्यांचं काय करू? वर्षाला वीस-पंचवीस. कोण घेतं? खाटकाला देऊ?’
माझ्याकडे उत्तर नाही. एकच आहे. कमी काढ. ते त्याच्या धंद्याला परवडत नाही.

2 फेब्रुवारी, रविवार
गूळ न्यायला आला. कोथरूडच्या एका घरी देणार, आठ वर्षांची मुलगी आहे. दात तीनदा बघितले, ठीक आहेत.
सोबत द्यायचा वंशावळीचा कागद त्यानं छापून आणला होता. आई गुंजी, बाप, आजे, पणजे. मी तो टेबलावर ठेवला आणि खाली मोकळ्या जागेत पेनानं लिहिलं. भावंडं चार. एक थोरलं, घरी आहे. एकाचा जबडा आखूड, दात उलटे. एक जन्मतः 16 ग्रॅम, तिसऱ्या दिवशी गेलं. आई-बाप एकाच आजोबांचे.
‘हे वाचून कोण घेईल?’
ज्याला कळेल तो घेईल. नाही घेतला तर परत आण.
त्यानं कागद उचलला. वाचला. फाडेल असं वाटलं. घडी घालून खिशात ठेवला, गुळाला सदऱ्याच्या आत घेतलं आणि गाडीत बसला.

3 फेब्रुवारी
गूळ परत आला नाही. कागद दिला का, विचारलं नाही.

9 फेब्रुवारी
तिळाचे दात दुसऱ्यांदा घासले. टॉवेलात गुंडाळून मी धरलं, डॉक्टरबाईंनी घासले. यंत्राचा आवाज सुरू झाला की त्याचं काळीज माझ्या तळहाताला लागतं. मोजता येत नाही इतकं भरभर.
गुंजीचंही ऑपरेशन उन्हाळ्याआधी उरकायचं. वय झालेल्या मादीला गर्भाशयाची गाठ फार होते म्हणे.

13 फेब्रुवारी
दहा आठवडे.
तीळ 610. थोरला 945. गुंजी 960.
गच्चीवर सोडले होते. थोरल्यानं जास्वंदीच्या कुंडीत उडी मारली आणि माती उकरायला लागला. लेक ओरडून धावली. त्याला उचललं, दुसऱ्या, रिकाम्या कुंडीत ठेवलं. तिथं उकरत बसला.